न वाचता डिलीट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी इंजिनीअर आहे. अमावास्येला रस्त्यातलं लिंबू ओलांडून कंपनीची बस पकडणारी बाई आहे. या ग्रुपवरचे अनुभव मी आवडीने वाचते आणि मनातल्या मनात कारणं शोधत बसते — झोप झाली नसेल, ताप असेल, वारा असेल. माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दिवसा, ट्यूबलाइटखाली, आजूबाजूला वीस माणसं कीबोर्ड बडवत असताना घडलेली गोष्ट आहे. आणि इथले बरेचसे अनुभव घाबरून लिहिलेले असतात. मी घाबरलेली नाहीये. मला राग आलाय. दीड वर्ष झालं, उतरत नाही... म्हणून लिहितेय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. चाकणला, नाशिक रोडवरून आत, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी. खाली प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठ्या मशीन, लोखंडी जिन्याने वर गेलं की ऑफिस. मी क्वालिटीत होते, रिपोर्ट आणि रेकॉर्डचं काम माझ्याकडे. राहायला मोशीत. निगडीहून निघणारी कंपनीची बस सकाळी मोशीच्या चौकात यायची. तिथेच सूर्यवंशी साहेब चढायचे.

सूर्यवंशी साहेब म्हणजे आमचे मेंटेनन्सचे सुपरवायझर. वय चोपन्न. मूळचे उदगीरकडचे, पंचवीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेले, आळंदीत भाड्याने राहायचे. स्कूटर मोशीला लावून बसमध्ये बसायचे आणि बसल्या बसल्या मला स्पेलिंगं विचारायचे.

"मॅडम, ते 'अर्जंट'मधी जी येतो का जे?"

"जी, साहेब."

"आन् 'बायपास'ला वाय एकच ना?"

मला मुलीसारखं वागवायचे, पण मॅडमच म्हणायचे. ही स्पेलिंगं मेलसाठी. साहेब प्रत्येक गोष्टीचा मेल करायचे. ऑइल गळतंय — मेल. पंखा बंद — मेल. दोन बोटांनी टाइप करत जेवणाची अर्धी सुट्टी घालवायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, समोरच्या केबिनमध्ये जाऊन सांगा ना. तर म्हणाले, "तोंडानं सांगितल्यालं कुणी आयकलं आसं म्हणत न्हाई, मॅडम. लिवून ठेवलं की पळता येत न्हाई."

आणि प्रत्येक मेलला ते पोच मागायचे. ऑफिसात काम करणाऱ्यांना माहीत असेल — मेल पाठवताना एक टिक करता येते. समोरच्याने मेल उघडला की पाठवणाऱ्याला पोच येते. न उघडताच उडवला, तरी तशी पोच येते. मेल उघडला की स्क्रीनवर चौकोन यायचा, यांना पोच पाठवू का? मी दर वेळी 'नो' दाबायची. का, ते विचारू नका. सगळेच दाबायचे. चेष्टा करायचे त्यांची.

आता मुद्द्यावर येते.

चार नंबरच्या प्रेसला पुढे सेफ्टीचा लाइट कर्टन होता. न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो तो. माणसाचा हात त्या रेषेच्या आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. आमच्याकडे तो धूळ-तेलाने अधूनमधून उगाच ट्रिप व्हायचा, प्रेस थांबायची, तासाचं प्रॉडक्शन पडायचं. म्हणून एक दिवस पॅनेलमध्ये दोन वायरी एकत्र पिळून तो बायपास केला गेला. प्लँट हेडच्या तोंडी हुकुमाने. मला हे कोणी सांगितलेलं नाही, मी तिथे उभी होते.

सूर्यवंशी साहेबांनी दोन महिन्यांत चार मेल केले. प्लँट हेडला, प्रॉडक्शन मॅनेजरला, आणि सीसीमध्ये आम्ही सात जण. एकूण नऊ. मोडकं इंग्रजी, पण अर्थ लख्ख होता — कर्टन बंद आहे, ऑपरेटरचा हात जाईल, मशीन थांबवायची परवानगी द्या. चौथ्या मेलला पॅनेलचा फोटो जोडलेला. मी चारही मेल वाचले. चौथ्याला उत्तरही पाठवलं. एक शब्द. 'नोटेड'.

आज तो शब्द टाइप करताना सुद्धा माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतंय.

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, खालचा आवाज बंद झाला. प्रेस शॉपचा दणदणाट इतका अंगवळणी पडलेला असतो की तो थांबला की ऑफिसात सगळे माना वर करतात. आम्ही जिन्यावर आलो तेव्हा दत्ता ढाकणे खाली बसलेला होता. बीडकडचा तिशीतला ऑपरेटर, शांत मुलगा. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. ओरडत नव्हता, नुसता हाताकडे बघत होता. सूर्यवंशी साहेबांनी आपला शर्ट काढून त्याच्या हाताला गुंडाळला आणि बनियनवरच गाडीत बसून दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी मी ते चार मेल उघडायला गेले. नव्हते. माझं 'नोटेड'ही पाठवलेल्या मेलमधून गायब. आयटीतल्या नितीनकडे गेले. तो माझ्याच वयाचा, डबा एकत्र खाणारा.

तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, वरून आलंय. अपघाताशी संबंधित मेल सगळ्यांच्या बॉक्समधून काढायचे. हेड ऑफिसला ठेवणारेत, लीगलसाठी."

"ठेवलेत?"

"ठेवतील म्हणालेत... ताई, मला नको ना विचारूस."

त्याच दुपारी सूर्यवंशी साहेबांना सस्पेंड केलं. धोक्याची लेखी सूचना दिली नाही, म्हणून! चार मेल लिहिणाऱ्या माणसाला! फोन आणि लॅपटॉप कंपनीचे होते, दोन्ही काढून घेतले, मेल आयडी बंद केला. गेटवर त्यांची पिशवी तपासली. रोज त्यांच्याकडून तंबाखू मागून खाणाऱ्या सिक्युरिटीवाल्याने तपासली.

चारेक दिवसांनी त्यांचा फोन आला, बायकोच्या नंबरवरून. मी मोशीच्या बाजारात भाजी घेत होते.

"मॅडम, मी काय सांगलालो... तुमच्याकडं हायेत ना ते मेल?"

"नाही साहेब. सगळ्यांचे उडवलेत."

"बरं, आसू द्या. पर तुमी वाचल्याव ना? इंक्वायरीत तेवढं सांगा. वाचले व्हते म्हणून. दुसरं काय नको."

मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "साहेब, मला नीट आठवत नाही हो... बघते."

फ्लॅटचे हप्ते, मुलाची शाळा, सगळी कारणं तयार होती माझ्याकडे. साहेब म्हणाले, "बगा, बगा." आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांच्या आत ते गेले. सकाळी चहा पिता पिता. हार्ट.

मी मातीला गेले नाही. कंपनीतून कोणीच गेलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी प्लँट हेडने मला केबिनमध्ये बोलावलं. चौकशीचा अंतिम अहवाल मला लिहायचा होता. त्यातलं एक वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं — 'मेंटेनन्स विभागाकडून सदर बिघाडाची कोणतीही लेखी सूचना मिळालेली नव्हती.'

मी म्हटलं, "सर, पण..."

"पण काय? आहे तुझ्याकडे एखादा मेल? दाखव."

मी वहीत ते वाक्य उतरवून घेतलं.

"हे बघ, ते गेले बिचारे. वाईट झालं. पण आता ते काही बोलायला येणार नाहीयेत. जिवंत माणसांच्या नोकऱ्या वाचव. आणि पोच मागून पाठव, सगळ्यांनी वाचल्याचं रेकॉर्ड पाहिजे."

मी लिहिलं. होय, लिहिलं. त्यांनी दिलेल्या यादीतल्या सात जणांना पाठवलं. पोचेची टिक केली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पोच येऊ लागल्या. एक, दोन, चार, सात. मग आठवी आली.

पाठवणाऱ्याच्या जागी सूर्यवंशी साहेबांचं पूर्ण नाव. खाली इंग्रजीत तेच ठरावीक वाक्य — तुमचा मेल न वाचता डिलीट करण्यात आला.

मला आधी वाटलं, चुकून त्यांचा पत्ता टाकला गेला. पाठवलेला मेल उघडून नावं बोटाने मोजली. सात. त्यांचं नव्हतं. मी नितीनला उठवून आणलं. त्याने बघितलं आणि हसला, "जुनी एंट्री कुठेतरी अडकली असेल, ताई." मग आपल्या जागेवर जाऊन शोधलं. परत आला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, "त्यांचा मेलबॉक्स आपण उडवलाय. नुसता बंद नाही, उडवलाय. पोच पाठवायला तिथे काही नाहीच आहे. आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये सात पोच आहेत. आठवी तुझ्या स्क्रीनवर आहे, पण ती आलीच नाहीये."

"मग लॅपटॉप? फोन? कोणी चालू केला असेल."

त्याने मला आयटीच्या कपाटापाशी नेलं, जमा केलेल्या वस्तू तिथे असायच्या. कुलूप काढलं. लॅपटॉप, फोन, दोन्हीवर सूर्यवंशी साहेबांच्या नावाचं लेबल, सीलबंद पाकिटात. फोनची बॅटरी कधीच संपलेली.

गुरुवारी प्लँट हेडने अहवाल परत पाठवला. 'सूचना मिळालेली नव्हती' एवढं पुरेसं नाही म्हणे. त्यापुढे 'सदर कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा स्पष्ट होतो' हे घाल. मी घातलं. या वेळी नितीनला शेजारी बसवलं, त्याच्यासमोर नावं तपासली, त्याच्यासमोर मेल पाठवला. दुपारचे सव्वातीन. चहावाला ट्रॉली घेऊन फिरत होता.

सात पोच यायला पंधरा-वीस मिनिटं लागली. आठवी या वेळी सगळ्यात आधी आली. मी बटण दाबलं आणि ती आली. न वाचता डिलीट.

नितीनने खुर्ची मागे सरकवली. "बंद कर," म्हणाला. "ताई, बंद कर ते."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी चिडले. भीती वगैरे काही नाही, नुसती चीड. स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हणाले, "वाचा तरी! एवढं लिहिलंय तर वाचा तरी आधी!" आजूबाजूचे वळून बघायला लागले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघताना समजलं की राग साहेबांवर नाहीच आहे.

रविवारी मी आळंदीला गेले. तेव्हाही मनात कारणच शोधत होते — त्यांच्या घरात कोणीतरी काहीतरी चालू ठेवलं असेल, मुलाकडे पासवर्ड असेल. दोन खोल्यांचं घर. मुलगी लग्न होऊन नांदेडला, मुलगा नाहीच. कॉम्प्युटर नाही. साहेबांच्या बायकोकडे, काकूंकडे, एक साधा बटणांचा फोन. काकूंनी मला आधी ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"तुमीच का त्या मॅडम? स्पेलिंगवाल्या?"

"हो, काकू."

"मंग आता आलाव व्हय?" त्या उभ्याच राहिल्या, मलाही बसा म्हणाल्या नाहीत. "रोज इचारायचे मला, मॅडमचा फोन आला का. रोज. गेले त्या सकाळीबी इचारलं. मी म्हनलं, येईल. तुमी व्हताव ना त्या मेलात? वाचलं व्हतं ना तुमी?"

"वाचलं होतं."

"मंग बोलल्या का न्हाई?"

मी हप्त्यांचं काहीतरी पुटपुटले.

"तुमच्या कंपनीत येवडी शिकल्याली मानसं," काकू म्हणाल्या, आता आवाज चढला होता, "माजा मानूस दोन बोटांनी लिवायचा, तेवडंबी तुमाला वाचून सांगता येईना? जावा तुमी. जावा."

मी तिथून बाहेर पडले ती सरळ रिक्षा स्टँडपर्यंत चालत आले आणि तिथेच उभी राहून रडले. पण ते रडणं रागाचं होतं. प्लँट हेडचा राग, नितीनचा राग, सीसीतल्या त्या सात नावांचा राग. आणि त्या सातांत माझं नाव होतं.

सोमवारी सकाळी नवाला कॉम्प्युटर उघडला. आधीचा अहवाल बाजूला ठेवला आणि नवीन मेल लिहिला. मराठीत लिहिला, कारण मला एकही शब्द चुकायला नको होता. चार नंबरच्या प्रेसचा कर्टन कोणाच्या हुकुमाने बायपास झाला. सूर्यवंशी साहेबांनी किती वेळा लेखी कळवलं. कोणाकोणाला कळवलं, नऊच्या नऊ नावं. त्यांतलं एक माझं. मी चारही मेल वाचले होते, चौथ्याला 'नोटेड' उत्तर दिलं होतं. ते मेल नंतर काढून टाकण्यात आले. पहिले दोन्ही अहवाल खोटे आहेत आणि ते मी लिहिले आहेत.

हेड ऑफिस, आमच्याकडून पार्ट घेणाऱ्या कंपनीचे क्वालिटीवाले, फॅक्टरी इन्स्पेक्टरचं कार्यालय आणि त्या नऊतले उरलेले आठ — सगळ्यांना टाकला. सूर्यवंशी साहेबांचा पत्ता नाही टाकला. मुद्दाम दोनदा तपासलं. पोचेची टिक केली. अकरा वाजून पाच मिनिटांनी पाठवला.

दहा मिनिटं काहीच नाही. मग अकरा-पंधराला एकच पोच आली. त्यांच्या नावाने. या वेळी वाक्य वेगळं होतं — तुमचा मेल वाचण्यात आला.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. कोणी माझ्यामागे उभं आहे, गार वारा आला, असलं काही झालं नाही. खाली प्रेस चालू होत्या. कोणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं. मी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला आणि तेवढ्यात केबिनचं दार आपटलं.

"काय केलंस तू हे?" प्लँट हेड माझ्या टेबलापाशी येऊन ओरडले. "अक्कल आहे का? कळतंय का काय लिहिलंयस?"

मी उभी राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "कळतंय. तुम्हालाही कळत होतं. चार वेळा कळवलं होतं तुम्हाला त्या माणसाने!"

"पुरावा आहे?"

"मी आहे ना! मी वाचलेत!"

आणि मग नितीन आपल्या जागेवरून उठला. म्हणाला, "सर... मेल काढायची रिक्वेस्ट तुमच्याकडून आली होती. ती माझ्याकडे आहे."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळं कागदोपत्री आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. चार नंबरचं पॅनेल तोवर नीट करून ठेवलं होतं, पण दोन नंबरच्या प्रेसमध्ये तशाच पिळलेल्या वायरी सापडल्या! माणसाची बोटं जाऊनही! दत्ताने हाताला बँडेज असताना येऊन जबाब दिला. सूर्यवंशी साहेबांचं सस्पेन्शन रद्द झालं, त्यांची काही चूक नव्हती असं पत्र निघालं. प्लँट हेडवर केस चालू आहे म्हणतात. तोवर ते दुसऱ्या कंपनीत, आधीपेक्षा मोठ्या केबिनमध्ये बसलेत. मला दोन महिन्यांत 'परफॉर्मन्स'च्या नावाखाली राजीनामा द्यायला लावला. आता भोसरीत एका छोट्या युनिटमध्ये आहे. तिथला लाइट कर्टन मी रोज सकाळी स्वतः लाकडी पट्टी आत घालून तपासते.

आता तुमचे प्रश्न. मला माहितीये कमेंटमध्ये काय येणार. कोणीतरी चेष्टा केली असेल — कोणी? कपाटाची किल्ली नितीनकडे होती, आणि दुसऱ्या वेळी तो माझ्या शेजारी बसला होता, त्याचे दोन्ही हात मला दिसत होते. सर्व्हरची गडबड असेल — असेलही. मी माझ्या ओळखीतल्या तीन जणांना फोटो दाखवला, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर काम करणारे. तिघांनी 'ग्लिच' म्हटलं. मी विचारलं, ग्लिच दोनदा एक उत्तर देतो आणि मी खरं लिहिल्यावर दुसरं कसं देतो? एक जण म्हणाला, योगायोग. मला अपराधीपणातून भास झाला म्हणाल, तर नितीनला कशाचा भास झाला? तो अजूनही त्या दुपारबद्दल बोलत नाही. विचारलं की विषय बदलतो.

त्यानंतर एकही पोच आली नाही. नोकरी सोडेपर्यंत मी रोज बघत होते.

निर्दोष असल्याचं पत्र घेऊन मीच आळंदीला गेले होते. काकूंनी ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. मग घडी घालून देवापाशी ठेवलं. मला धीर आला. मी तो पोचेचा सगळा प्रकार त्यांना सांगितला, फोटोही दाखवला. वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी फोटोकडे बराच वेळ बघितलं.

"त्यांनी वाचलं," त्या म्हणाल्या. "ते वाचतेतच. कुणी लिवलं तर वाचतेतच."

आणि फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेल्या. मी थोडा वेळ दारातच थांबले. आतून काकू काही बाहेर आल्या नाहीत. मग मी चपला घातल्या आणि निघाले.